नवरा बदलला की ठसा बदलतो

माझी धाकटी जाऊ उखाणे चोरते. लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून मी हे सांगत आले आहे आणि यंदाच्या संक्रांतीपर्यंत एकाही माणसानं ते मानलं नव्हतं. आमचे मालक तर म्हणतात, "उखाणा काय शेळी हाय व्हय, दावं सोडून न्यायला?" शेळी असती तर बरंच झालं असतं. शेळीच्या कानाला खूण करता येते.

पहिल्या चोरीचा दोष मात्र मी माझ्याकडेच घेते. म्हणजे त्या वेळच्या माझ्याकडे. तेव्हा मी सातवी पास होते आणि घरात दुसरं कुणीच सातवी पास नव्हतं, म्हणून स्वतःला कलेक्टरीण समजत असे. हळद शिजवायचे दिवस होते. काहिलीखाली कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या सारता सारता मला उखाणा सुचला:

काहिलीत शिजते हळद, अंगणात तापतं ऊन,
…रावांचं नाव घेते या घरची सून.

गाळलेल्या जागी मालकांचं नाव. ते इथं लिहिणार नाही. उखाण्याबाहेर ते नाव मी कधी घेतलं नाही आणि आता या वयात एकदम छापायला काढलं तर ते घाबरतील.

आज तो उखाणा वाचते तेव्हा त्या पोरीची वेणी ओढावीशी वाटते. अगं, रावांच्या आधी कुणाचाही नवरा बसतो की. आणि 'या घरची सून' म्हणजे कोणती? घरात सुना दोन. चोराला कडी काढायची तकलीफ नको म्हणून या बाईनं दारच उघडं ठेवलं. वर जावेला तिथंच काहिलीपाशी दोनदा म्हणून दाखवला. ती मुंडी हलवत म्हणाली, "लई झाक हाय, बाई." आठ दिवसांनी शेजारच्या बारशात तिचा नंबर माझ्याआधी आला आणि तिनं तो तिच्या मालकांचं नाव घालून म्हटला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझी पाळी आली तेव्हा मी भाजीत भाजी मेथीची म्हणून बसले.

तेव्हापासून तो धाकटीचा उखाणा. पुढे हट्टा गावी एका लग्नात नवरीनं तो म्हटला तेव्हा शेजारची बाई मला कोपर मारून म्हणाली, "तुमच्या जावंचा हाय न्हवं?" मी तोंडात बुंदीचा लाडू कोंबला.

यावर सातवी पास डोक्यानं शक्कल काढली. पुढचा उखाणा कागदावर लिहायचा, स्वतःच्याच पत्त्यावर टपालानं पाठवायचा, की त्यावर सरकारचा शिक्का पडेल, तारखेसकट. मग कुणी म्हणू दे माझा म्हणून. अक्कल इथपर्यंत बराबर होती. पण गावच्या पोस्टातला शिक्का फिका उमटायचा, म्हणून मी हिंगोलीला जाऊन पत्र टाकायचं ठरवलं. पाकिटाला जास्त पैसे पडतात म्हणून पोस्टकार्ड घेतलं. पाकिटाचे पैसे वाचवले आणि जातायेता एसटीचं तिकीट काढलं. असा हिशेब करणारी बाई घरात असल्यावर सासूबाई चाव्या कमरेला का ठेवत असतील, हे मला फार उशिरा कळलं.

चार दिवसांनी कार्ड आलं. आमचे पोस्टमन मोठे सज्जन. गावात निम्म्या लोकांना वाचता येत नसे, म्हणून कार्ड आलं की दारात उभं राहून खणखणीत वाचून दाखवायची त्यांची रीत होती. त्यांनी माझा उखाणा नावासकट दारात वाचला. दारात जाऊ ज्वारी निवडत बसली होती. मी आतून धावत आले तोवर तिचा पाठ झाला होता. शिक्का पाहिला तर काळा गोळा, हिंगोलीही दिसेना आणि तारीखही.

त्यानंतर मी उखाणे करणं सोडलं असं नाही. म्हणणं सोडलं.

यंदा संक्रांतीच्या आधी आम्ही दोघी ओसरीवर तीळ पाखडत होतो. बचत गटाचं हळदी-कुंकू देवळापुढच्या मंडपात ठरलं होतं, माइक लावून उखाणे. जाऊ म्हणाली, "म्या काहिलीवालाच घेनार. लोक मागतेत त्यो."

मी म्हटलं, "माझा हाय त्यो."

"आता सत्तरीला टेकलो आपून, बाई. अजून तेच?"

"अजून तेच."

ती सूप खाली ठेवून हसली. "असं करा. तुमचा एक तरी उखाणा दाखवा, जो माझ्या तोंडात यायच्या आधी तुमच्याजवळ व्हता. पक्का पुरावा. पोस्टाच्या काळ्या गोळ्यावानी न्हाई. दाखवलात तर माइकवर सांगते, काहिलीवाला भी तुमचाच. न्हाई दाखवलात तर हा इषय मरेस्तोवर बंद."

मी हो म्हटलं. म्हणजे इतक्या वर्षांचं एका हळदी-कुंकवात निकाली निघणार होतं, आणि पुरावा कुठून आणायचा हे मला ठाऊक नव्हतं.

नात त्या महिन्यात गावीच होती. ती पुण्याच्या एका कंपनीत आहे, पण थंडीत इथं येऊन माजघरातून काम करत होती. तिचं काम मला दिवाळीपासून समजावून सांगून तिचा घसा बसला होता. जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांत एकच वही आहे, त्या वहीत कॉम्प्युटरवरच्या पैशाचे व्यवहार चढतात, आणि चढवायला कुणी किती फी द्यायची याचे नियम ती आणि तिच्यासारखी लेकरं बसून ठरवतात. दर थोड्या वेळानं वहीला नवं पान लागतं. प्रत्येक पानावर वेळ असते आणि आधीच्या पानाचा ठसा असतो, म्हणून मधलं पान कुणाला बदलता येत नाही. बदललं की पुढच्या सगळ्या पानांचे ठसे चुकतात आणि चोरी उघडी पडते.

तीळ पाखडून झाल्यावर मी तिच्यापुढे जाऊन बसले. "त्या वहीत उखाणा चढतो का?"

तिनं कानातली बोंडं काढली. "उखाणा नाही चढवायचा, आजी. उखाण्याचा ठसा चढवायचा."

"म्हणजे पोस्टमनला वाचता येत न्हाई?"

"कुणालाच नाही. ठशावरून उखाणा परत काढता येत नाही. पण उद्या तू उखाणा दाखवलास की कुणीही त्याचा ठसा काढून वहीतल्याशी जुळवून बघू शकतं."

मला पोस्टकार्ड आठवलं. मी म्हटलं, दाखव. तिनं पडद्यावर लिहिलं, 'हळद पिवळी न्हाई'. खाली आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ आली. मग तिनं 'न्हाई'चं 'नाही' केलं आणि माळ पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसरीच झाली. मी म्हटलं, नुसतं एक टिंब दे बघू कुठं तरी. तिनं 'पिवळी'चं 'पिवळीं' केलं. पुन्हा सगळी माळ नवी.

"एका टिंबानं?"

"एका टिंबानं."

"आन् उखाण्यात नवरा बदलला तर?"

नात हसायला लागली. "नवरा बदलला की ठसा बदलतो, आजी. त्याला नाती कळत नाहीत."

ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. मग ती आणखी एक बोलली. "एवढं लक्षात ठेव. ठसा फक्त सांगतो की अमुक वेळेला हे तुझ्याजवळ होतं. तूच केलं होतंस, असं तो सांगत नाही." हे मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याला कारण होतं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, मालक झोपल्यावर मी उखाणा केला. या वेळी 'रावांचं नाव घेते' वगैरे काही नाही. मालकांच्या नावाच्या शेवटी जो आवाज येतो तोच प्रत्येक ओळीच्या शेवटी, आणि तिन्ही ओळी हळदीच्या. नाव असं बसवलं की ते काढलं तर उखाण्याचा खांबच निघेल. उखाणा मी इथं देणार नाही. तुम्हीही कुणाच्या ना कुणाच्या जावा असाल.

नातीला टाइप करून घ्यायचा होता. ती म्हणाली, "शेवटचं नाव परत सांग." मी म्हटलं, "नुसतं कसं सांगू? पहिल्यापासून घ्यावा लागंल." असा तो मी पाच वेळा घेतला. मग ठसा निघाला आणि फीचा प्रश्न आला.

"पानावर जागा थोडी असते," नात म्हणाली. "जो जास्त फी देईल त्याचं आधी चढतं. कमी देईल तो बाहेर थांबतो."

"म्हणजे संक्रांतीच्या आधीची गिरणी."

"कशी काय?"

मी सांगितलं. आमच्या गिरणीत डबे रांगेत लागायचे, पण ज्यानं हळूच जास्तीचे पैसे दिले त्याचा डबा पुढे सरकायचा. त्याहून बेरकी म्हणजे गिरणीवाला घरचे रिकामे डबे झाकण लावून रांगेत ठेवायचा. रांग लांब दिसली की लोक घाबरून जास्त देत. एकदा रांगेत उभ्या उभ्या मी एका डब्याला लाथ मारली तर तो ढोलासारखा वाजला.

नात माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, हेच सांगायला आमच्याकडं दोन दिवस मीटिंग चालल्या. खोट्या डब्यांवर आता उपाय काढलाय. काही वह्यांमध्ये गर्दी बघून दर आपोआप वरखाली होतो, आणि त्या दराचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. जाळून टाकतात. गिरणीवाल्याला फक्त वरची थोडी बक्षिसी."

"जाळतेत? काहून?"

"त्याच्या खिशात काही जातच नसेल तर तो खोटे डबे कशाला लावेल? उलट त्या डब्यांची फी त्याच्याच खिशातून जळेल."

मी कपाळाला हात लावला. एवढी साधी गोष्ट आमच्या ग्रामपंचायतीला सुचली नव्हती. "मग आपली वही तसली का?"

"नाही. आपली जुन्या वळणाची. बोली लावायची. नाहीतर असं करू, खूप जणांचे ठसे एकत्र करून सगळ्यांचा मिळून एक ठसा चढवतात, तो जवळजवळ फुकट पडतो."

"परक्यांच्या जीपमधी कोंबून? न्हाई. माझा उखाणा एकटा जाईल."

"मग फी किती टाकू?"

इथं ती हिंगोलीला पोस्टकार्ड टाकायला गेलेली पोरगी पुन्हा माझ्या अंगात आली. मी म्हटलं, "सगळ्यात कमी."

"उशीर लागेल."

"उखाण्याला कसली घाई? त्यो काय दूध हाय नासायला?"

तिनं सगळ्यात कमी टाकली आणि मीटिंगला बसली. गेला का, एवढंच मी विचारलं. ती म्हणाली, "गेला." पोहोचला का, ते विचारायला हवं होतं. पोस्टात सगळं आयुष्य पत्रं टाकलेल्या बाईला हा फरक समजू नये, यावर मी काय बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जावेकडे वाटीभर तिळाची चटणी घेऊन गेले, आणि चटणीबरोबर उखाणा. "कुनाला सांगू नको, पर यंदा हा घेनार हाय," म्हणून तिच्या कानात तीनदा म्हटला. ती म्हणाली, "लई झाक हाय, बाई." पन्नास वर्षांत या बाईनं एक शब्द बदलला नाही.

हळदी-कुंकवाला मंडप भरला होता. पुरुष मंडळी पलीकडे पारावर. मी मुद्दाम मागं बसले, म्हणजे जाऊ माझ्याआधी उठेल. ती उठली, पदर सावरला, माइक हातात घेतला आणि माझा उखाणा सुरू केला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तिसरीला तिचा आवाज चढला, आणि यमकाच्या उतारावर जीभ अशी घसरली की तिनं भर मंडपात, माइकवर, आमच्या मालकांचं नाव घेतलं. थोरल्या दिराचं. ज्यांच्यासमोर ती आजही पदर पुढे ओढते, त्यांचं नुसतं नाव, राव नाही, पंत नाही.

बायकांच्या माना एकदम पाराकडे वळल्या. मग पारावरून मालकांचा आवाज आला, "कोन बोलावून राहिलं रे मला?"

त्यानंतर किती वेळ बायका हसत होत्या ते सांगता येत नाही. एकीच्या हातातली कुंकवाची वाटी सतरंजीवर सांडली, तो डाग अजून आहे. हे मी ठरवून केलं होतं का? नाही. मला एवढंच हवं होतं की तिच्या मालकांचं नाव घातलं तर उखाणा लंगडावा. जीभच तिकडे पळेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

इथं मी गप्प बसले असते तर जिंकले होते. पण जाऊ बी काही कमी नाही. डोळे पुसून ती माइकवर म्हणाली, "हसता काय? थोरल्यांचा मान म्हनून मुद्दाम घेतलं म्या. उखाना माझाच हाय."

मी उठून माइकपाशी गेले. "खोटं. माझ्याजवळ पुरावा हाय. सगळ्या जगाच्या वहीत चढवलाय." आणि नातीला हाक मारली, लॅपटॉप घेऊन ये. मंडपात दोनशे डोळे आमच्याकडे. नातीनं झाकण उघडलं, बघितलं आणि माझ्या कानाशी आली.

"आजी, चढला नाही अजून."

"म्हंजी?"

"बाहेर थांबलाय. या आठवड्यात गर्दी फार झाली. तू सगळ्यात कमी टाकायला लावलीस ना. माझंही चुकलं, मी परत बघायला हवं होतं."

"आता जास्तीची टाक की."

"टाकते. पण पान लागेल तेव्हाचीच वेळ पडेल. काकूआजी तर तो आधीच म्हणून बसल्यात. सगळ्यांच्या फोनमध्ये व्हिडिओ आहे."

माइक चालूच होता. हे सगळं मंडपानं ऐकलं. जाऊ म्हणाली, "मंग तर म्या आधी आले की, बाई. तुमच्याच वहीपरमानं." आणि बायका पुन्हा हसल्या, या वेळी मला. मला तो पोस्टाचा काळा गोळा दिसायला लागला. दोन्ही वेळेला मीच कंजूष, दोन्ही वेळेला धाकटी दारात.

खाली बसता बसता नातीचं ते वाक्य आठवलं, नवरा बदलला की ठसा बदलतो. म्हणजे जो खरा धनी असेल त्यानं उखाणा पुन्हा आणावा, ठसा जुळतो का ते कुणीही बघावं. मी जावेला म्हटलं, "बरं. तुझा हाय ना? मंग पुन्यांदा म्हन. आता तुझ्या मालकाचं नाव घालून."

"त्यात काय," म्हणून ती उठली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, आणि शेवटी तिच्या मालकांचं नाव आलं ते गाडीचं चाक खड्ड्यात जावं तसं. दाणकन. समोरच्या पोरींनी तोंडाला पदर लावले. "थांबा," म्हणून तिनं नावाला राव जोडून पाहिलं. मग तिसरी ओळ बदलून पाहिली, तेव्हा हळद वाळायच्या आधी शिजेना आणि शिजायच्या आधी उकरेना. चौथ्या खेपेला पुन्हा जीभ घसरली आणि आमच्या मालकांचं नाव अर्धं बाहेर आलं, तिथंच तिनं दात दाबले. पारावरून आवाज आला, "आलो, आलो."

जाऊ माइक धरून उभी होती. मला वाटलं, आता ही माइक टाकून घरी जाईल आणि आमचं बोलणं उरलेल्या आयुष्याचं संपेल. तेवढ्यासाठी मी हे सगळं केलं होतं का, असं माझ्या मनात आलं, ते मी खोटं सांगणार नाही. पण ती हसली. आधी नाकातून, मग पोटातून. म्हणाली, "ह्यो उखाना बाईचाच हाय. माझ्या मालकाला त्यात बसायला जागाच न्हाई ठिवली." मग थोडं थांबून, माइकपासून तोंड न हलवता, "आन् काहिलीवाला भी त्यांचाच. पर म्हनला म्या चांगला."

हे खरं आहे. मी सुरुवात घाईनं करते आणि शेवटी श्वास पुरत नाही. तिचा आवाज आहे. मी जागेवरून म्हटलं, "व्हय, म्हनला चांगला." माझ्याही तोंडून पन्नास वर्षांत पहिल्यांदाच.

माझा ठसा शेवटी तिसऱ्या दिवशी वहीत चढला. नातीनं पान दाखवलं. हे आता कुणालाच पुसता येत नाही, असं ती कौतुकानं म्हणाली. म्हणजे जगातल्या सगळ्यात पक्क्या वहीत कायमचं लिहिलं गेलं की मी धाकटीच्या मागून आले. मी तिला म्हटलं, "तुमच्या त्या नियमांत एक कलम घाल. म्हाताऱ्या बायांनी सगळ्यात कमी म्हटलं तर ऐकायचं न्हाई."

आता काहिलीवाला गावात माझा झाला आहे. परवा एका पोरीनं लग्नात म्हटला आणि माझ्याकडे बघून हात जोडले. जाऊ शेजारी होती, तिनं कोपर मारलं. एवढ्यावर मी थांबावं हे बरं. पण ठसा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नातीनं बजावलं होतं, तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं का केलं ते सांगून टाकते. धाकटी काही वाचत नाही.

माझ्या माहेरी वसमतकडे एक मावशी होती. लग्नाआधी तिच्या तोंडून मी ऐकलेलं:

काहिलीत शिजतो गूळ, गुऱ्हाळावर तापतं ऊन,
…रावांचं नाव घेते पाटलांची सून.

मी हळद केली, अंगण केलं, आणि आम्ही पाटील नव्हतो म्हणून घर केलं. नातीच्या म्हणण्याप्रमाणे एका टिंबानं आख्खा ठसा बदलतो. इथं तर गूळच्या गूळ बदलला आहे. तेव्हा तो माझाच.